स्विचबोर्ड हलवतोय, वायर कमी पडतेय. भिंतीत जोड देऊ का? सल्ला हवा

नवीनघर
बेडरूमचा बोर्ड पलीकडच्या भिंतीवर न्यायचाय. झिरी मारून झाली, पाइप बसवलाय, पण जुन्या वायर हातभर कमी पडतायत. वायरमन म्हणतोय पीळ मारतो, वर टेप गुंडाळतो आणि पाइपात ढकलून प्लास्टर करून टाकू, सगळे असंच करतात. मला काही पटत नाहीये. बोर्डावर दोन सॉकेट, लाइट, पंखा आणि पुढे हीटर लागेल. कनेक्टर घ्यावा का, आणि कुठला?

फेज_न्यूट्रल
प्लास्टर थांबवा आधी. पाइपात जोड नको म्हणजे नकोच. टेपचा गोंद उष्णतेने सुटतो, पीळ हळूहळू सैल होतो आणि ते भिंतीत असल्यामुळे तुम्हाला दिसतही नाही.

ओहम
वरच्यांशी सहमत, फक्त कारण सांगतो कारण वायरमनला तेच सांगावं लागेल. सैल जोडाचा रोध समजा 0.1 ओहम झाला. 3000 वॉटचा हीटर 230 व्होल्टला साधारण 13 अँपिअर ओढतो. 13 चा वर्ग 169, गुणिले 0.1, म्हणजे जवळपास 17 वॉट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत, भिंतीच्या आत, हीटर चालू असेपर्यंत. छोटी सोल्डरिंग आयर्न लावून ठेवल्यासारखंच झालं. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन 70 अंशांपर्यंतचं असतं. आणि एमसीबी पडणार नाही, करंट तर 13 चाच आहे ना! एमसीबी वायरला ओव्हरलोड आणि शॉर्टपासून वाचवते, सैल जोड तिला कळतच नाही. आरसीसीबीलाही, म्हणजे करंटची गळती पकडणाऱ्या स्विचलाही नाही, कारण लीकेज नाहीये.

नवीनघर
बापरे, एमसीबी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. मग करू काय?

फेज_न्यूट्रल
पहिली पसंती, जोडच नको. जुन्या वायरला नवीन बांधून पाइपातून ओढून घ्या, जाम असेल तर वायर ओढायची लवचीक स्प्रिंग घाला. सॉकेटला 2.5 चौरस मिमी, हीटरसाठी वेगळी 4 ची लाइन थेट डीबीपासून (एमसीबी असतात तो मुख्य बॉक्स), तिला स्वतःची एमसीबी. हे जमलं तर बाकीचं वाचूच नका.

ओढता येतच नसेल तर जुन्या बोर्डाचा बॉक्स आहे तिथेच ठेवा, काढू नका. त्याचाच जंक्शन बॉक्स करा, वर कोरं झाकण, जोड त्यात. झाकण स्क्रूचं, उघडता येईल असं. त्यावर वॉलपेपर किंवा कपाट नको. दिसायला बरं दिसत नाही म्हणून लोक बुजवतात आणि पुढे फॉल्ट शोधताना अख्खी भिंत फोडावी लागते.

कनेक्टर लिव्हरवाला घ्या, पारदर्शक. वायर पूर्ण आत गेली की नाही ते डोळ्यांना दिसतं. किती जाडीची वायर आणि किती अँपिअर चालतात ते त्यावर छापलेलं असतं, ते वाचूनच घ्या. सोलायची लांबीही दिलेली असते, बऱ्याचशांना 11 मिमी, तेवढंच सोला. बाहेर उघडं तांबं दिसलं तर परत काढा, आणि सोलताना तारा तुटल्या तर ते टोक कापून नव्याने सोला. लिव्हर खाली केल्यावर एकेक वायर ओढून बघायची, हे कंटाळा न करता.

जुनाहात
आम्ही पीळ मारून वर सोल्डर करायचो, तेही चांगलं टिकतं की.

ओहम
नीट केलेलं टिकतं दादा, पण सोल्डर लावलेलं टोक स्क्रूखाली घालू नका. दाबाखाली शिसं-कथील हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो. बारीक तारांच्या वायरला स्क्रूखाली थिंबल, म्हणजे टोकाची धातूची टोपी, दाबून घट्ट (क्रिंप) करून घाला. आणि जुनी वायर अॅल्युमिनियमची निघाली तर तांब्याला थेट जोडू नका, त्यासाठीचा वेगळा कनेक्टर लागतो.

सावकाश
एक राहिलं. अर्थिंगची वायर पण तितक्याच काळजीने जोडा, तिच्यात करंट नसतो म्हणून लोक नुसती गुंडाळून सोडतात. आणि हात घालण्याआधी मेन बंद करा, फक्त त्या खोलीची एमसीबी नाही, कारण न्यूट्रल दुसऱ्या सर्किटशी जोडलेली निघू शकते. निऑन टेस्टरवर भरवसा नको, मल्टिमीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग इथे, मग परत चालू पॉइंटवर.

नवीनघर
सगळ्यांचे आभार. प्लास्टर थांबवलंय. उद्या स्प्रिंग घालून बघणार, नाहीच ओढली गेली तर जुना बॉक्स ठेवणार. हीटरची लाइन वेगळीच काढायला सांगतो, आणि झाकण लावायच्या आधी जोड मी स्वतः बघणार.

फेज_न्यूट्रल
पाइप किती इंची आणि आत्ता आत किती वायर आहेत तेही बघून सांगा. पाइप निम्म्याच्या आसपास भरलेला असेल तर त्यात नवीन लाइन कोंबू नका, वेगळा पाइप टाका. झिरी उघडीच आहे अजून.