हॅलोविनला मोठ्या मुलांना कँडी द्यायची का? (न्यू जर्सीतल्या आपल्या कॉलनीचा मराठी ग्रुप)

सतीश काका: नमस्कार मंडळी. ३१ ऑक्टोबरचं हॅलोविन जवळ आलंय म्हणून आधीच लिहितो, मागच्या वर्षीसारखी नंतर चर्चा नको. आमचं घर कोपऱ्यावर, सगळा लोंढा आधी आमच्याकडे. लहान मुलं वेष करून दारोदार 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत कँडी मागतात, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण रात्री नऊला माझ्यापेक्षा उंच, मिशा फुटलेली पोरं येतात, अंगात साधी हुडी, हातात उशीचा अभ्रा, हॅलो नाही थँक्यू नाही, बाऊलमध्ये पंजा घालायचा आणि मूठभर किटकॅट घेऊन पसार. हे कसलं ट्रिक ऑर ट्रीट? आठवीनंतर बंद करावं असं एचओएला (कॉलनीच्या घरमालकांच्या संघटनेला) लेखी कळवू या.

मंदार: काका मूठ कोणाची धरायची, त्यांची की आपली 😄

सुहास: ज्यांना नको त्यांनी पोर्च लाइट बंद ठेवा. लाइट बंद असला की कोणी बेल वाजवत नाही.

नेहा (ओजसची आई): काका, नाव घेतलं नाहीत तरी समजलं. ओजस मागच्या वर्षी बारा वर्षांचा होता, उंची पाच फूट आठ, त्याला काय करणार? तुमच्या दारात त्याला वय विचारलं गेलं. घरी येऊन कॉस्च्यूम काढून टाकला आणि म्हणाला आई मी पुढच्या वर्षी नाही जाणार. इतके दिवस बोलले नाही, आज विषय निघाला म्हणून बोलतेय.

सतीश काका: नेहा, तो ओजस होता हे मला खरंच माहीत नाही. मी नऊच्या ग्रुपबद्दल बोलतोय. मास्कमध्ये कोण कोणाचा ते कसं ओळखायचं?

नेहा: तेच तर म्हणतेय. मास्कमध्ये माणूस ओळखू येत नाही तर वय कसं ओळखता?

प्राजक्ता: आम्ही इथे यायच्या आधी व्हर्जिनियात चेसापीकला होतो, तिथे खरंच कायदा आहे. १९७० पासून बाराच्या वरच्यांना बंदी होती, २५ ते १०० डॉलर दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही, कँडी मागितली म्हणून!!

सतीश काका: बघा. म्हणजे त्रास असणार म्हणूनच कायदा केला ना.

प्राजक्ता: काका पुढचं पण वाचा. बातम्यांत गाजलं तेव्हा २०१९ ला जेलचं कलम काढलं आणि वय चौदा केलं. आणि पोलीस काही वय विचारत फिरत नाहीत, तोडफोड करणाऱ्यांकडे बघतात.

मंदार: कॅनडात बॅथर्स्टला पण आहे ना, १६ च्या वर बंदी आणि रात्री ८ नंतर सगळं बंद.

सुहास: पुन्हा सांगतो. पोर्च लाइट बंद.

वैशाली ताई (ॲडमिन): आपण दसऱ्याला सोनं द्यायला दहावी-बारावीपर्यंत घरोघर जायचोच की, कोणी वय विचारलं नाही, उलट मोठे झालो म्हणून एक लाडू जास्त मिळायचा.

सतीश काका: वैशाली, आपण सोनं हातात देऊन वाकून नमस्कार करायचो. फरक आहे.

वैशाली ताई: नमस्कार तेव्हाही आईने डोळे वटारले की व्हायचा काका 🙏

कुलकर्णी काकू: मी मागच्या वर्षी चिक्की ठेवली होती, कोणी हात लावला नाही. कोल्हापूरहून आणली होती गुळाची.

रियाची आई: काकू शेंगदाण्याची?? रियाला ॲलर्जी आहे, मी तेव्हाही सांगितलं होतं. प्लीज वेगळा बाऊल ठेवा, त्यात स्टिकर पेन्सिली असं काहीतरी, आणि बाहेर तो निळसर हिरवा भोपळा ठेवा म्हणजे इथे खाऊशिवाय दुसरं काही मिळतं हे आम्हाला लांबूनच कळतं.

कुलकर्णी काकू: पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं. २०२४ ला लक्ष्मीपूजन हॅलोविनच्याच दिवशी आलं तेव्हा आरती अर्धी टाकून मी दार उघडत होते, तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

रियाची आई: काकू राग नका मानू, मी पाकिटाबद्दल नाही बोलत. अंधारात चार वर्षांचं मूल कुठे वाचणार.

शुभदा: मी इथे फार लिहीत नाही पण आज लिहिते. आमचा अर्णव सोळा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, नव्या लोकांना माहीत नसेल. वर्षभर तो कोणाच्या दारात जात नाही. ह्या एका दिवशी स्वतः चालत जातो, बेल वाजवतो, आणि तुमच्या बुटांकडे बघत पिशवी उघडी धरून उभा राहतो. ट्रिक ऑर ट्रीट त्याच्या तोंडून निघत नाही, थँक्यू तर नाहीच. दोन घरांत त्याला यू आर टू ओल्ड म्हणून परत पाठवलंय, मी मागे ड्राइव्हवेत उभी होते. ऑटिझमची खूण म्हणून निळी बकेट दे म्हणजे लोकांना कळेल असं सगळे सुचवतात, पण मला माझ्या मुलाच्या हातात पाटी द्यायची नाहीये.

वैशाली ताई: शुभदा ❤️

नेहा: आणि बाकीच्यांचंही सांगते. पंधरा वर्षांचा मुलगा त्या रात्री कँडी मागतोय म्हणजे तो कोणाच्या बेसमेंटमध्ये बिअर पीत नाहीये, कोणाच्या गाडीत भरधाव फिरत नाहीये. मी तर देवाचे आभार मानीन.

सतीश काका: आणि आदल्या रात्री माझ्या गाडीवर अंडी फेकली ती कोणी? धुवून धुवून डाग गेले नाहीत.

प्राजक्ता: ती ३० तारीख काका, मिस्चिफ नाइट, पोरांची खोड्या काढायची रात्र, जर्सीत ते जुनंच आहे. अंडी फेकणारा तोंड दाखवायला बेल वाजवत नाही हो.

मंदार: गाडी गराजमध्ये लावा काका, ट्रेडमिल हलवा तिथून, गेल्या वेळी मी म्हटलं होतं उचलू लागतो.

सतीश काका: मंदार, ट्रेडमिलचा विषय इथे नको.

सुहास: पोर्च लाइट बंद ठेवला की हे सगळे प्रश्नच येत नाहीत.

सतीश काका: सुहास, तिसऱ्यांदा वाचलं. लाइट मी चालूच ठेवणार, मला मुलं आलेली आवडतात. शुभदा, अर्णवला सगळ्यात आधी आमच्याकडे आण, किटकॅट बाजूला ठेवतो. त्याने बोललंच पाहिजे असं काही नाही.

शुभदा: त्याला स्किटल्स आवडतात काका. थँक्यू.

वैशाली ताई: मग एवढं ठरवू, एचओएला पत्र नको. सहा ते साडेआठ, नंतर लाइट बंद. बाऊल बाहेर ठेवू नका, स्वतः हातात द्या, म्हणजे मूठभरचा प्रश्न संपला.

सतीश काका: साडेआठ चालेल. पण हुडी घालून आला आणि नीट बोलला नाही तर मी बोलणार, ते सोडणार नाही.

नेहा: बोला ना काका, ओजसलाही बोला. फक्त वय विचारू नका.

कुलकर्णी काकू: चिक्की ठेवू का नको ते कोणी सांगितलंच नाही.