गवत कापणी आणि गठ्ठ्यांसाठी जुना ट्रॅक्टर: पेट्रोल फर्ग्युसन की डिझेल मॅसी ३५?

माळरान_वडूज
रामराम मंडळी. खटाव तालुक्यात १२ एकर माळ आहे, पवन्या आणि मारवेल गवताचा. दसरा झाला की कापणी, आणि माघ-फाल्गुनात शाळूच्या कडब्याची कुट्टी. कापायला ६ फुटी कटर बार, मग गवताच्या ओळी लावणारा रेक, आणि लहान चौकोनी गठ्ठ्यांचा बेलर भाड्याने आणणार. दोन जुने ट्रॅक्टर बघून ठेवलेत. पहिला फर्ग्युसन टीई-२०, पेट्रोलचा, चालू स्थितीत, टायर चांगले. दुसरा मॅसी ३५, तीन सिलिंडर डिझेल. सुरू होतो, पण सकाळी पांढरा धूर फार आणि डिझेल पंपाजवळ ओलं दिसतं. किंमत जवळपास सारखीच. कोणता घ्यावा?

पीटीओ_विटा
दादा, पेट्रोल-डिझेल नंतर बघू, आधी क्लच बघा. बेलर चालवायचा असेल तर निकाल तिथेच लागतो.

टीई-२०ला एकच क्लच. पाय दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओही (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) थांबतो. हायड्रॉलिकचा पंप त्याच शाफ्टवर असल्याने लिफ्टही जागेवर राहते. गवताची ओळ एखाद्या ठिकाणी जाड आली की चाकं थांबवून बेलरला आतलं गवत गिळू द्यायचं असतं. टीई-२०वर तुम्ही चाकं थांबवता तेव्हा बेलरचा प्लंजरही (गवत दाबणारा दट्ट्या) थांबतो आणि तोंडाशी गवत गच्च बसतं. मग इंजिन बंद करून हाताने उपसायचं, प्रत्येक ओळीला.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. बेलरचं जड फ्लायव्हील क्लच दाबल्यावरही फिरत राहतं आणि पीटीओमधून उलट गिअरबॉक्स फिरवतं. म्हणजे क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. उतारावर, तालीजवळ वळताना हे जिवावर बेतू शकतं. त्यासाठी पीटीओ शाफ्टवर ओव्हररन कपलिंग (अवजाराची फिरत ट्रॅक्टरकडे उलट येऊ न देणारा जोड) लागतं. कटर बारलाही लावलेलं बरं.

स्प्लाइनही (शाफ्टच्या टोकाचे दाते) मोजा. जुन्या टीई-२०चा शाफ्ट १ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आजची अवजारं १ इंच ३ सुताची. मधे स्लीव्ह टाकली की लांबी वाढते. मग प्रोपेलर शाफ्ट कापून घेतला नाही तर लिफ्ट उचलताना तो तळाला टेकतो आणि पीटीओचं बेअरिंग जातं.

मॅसी ३५ला डबल क्लच (चाकं आणि पीटीओ वेगवेगळे थांबवणारा) असेल तर हे सगळे प्रश्न मिटतात. पण सगळ्या ३५ना तो नसतो. तपासायची पद्धत: पीटीओचा दांडा इंजिनच्या बाजूला टाका (दुसऱ्या बाजूला टाकलात तर पीटीओ चाकांच्या वेगाने फिरतो), पहिला लो गिअर, पेडल अर्धं दाबा. चाकं थांबून पीटीओ फिरत राहिला तर डबल क्लच आहे आणि नीट सेट आहे. पूर्ण दाबल्यावर दोन्ही थांबले पाहिजेत.

कार्बोरेटर_मिरज
वरचं सगळं बरोबर, पण टीई-२०ला मोडीत काढू नका. बेलर वगळला तर कापणी आणि रेकसाठी तो फार गुणी ट्रॅक्टर आहे. हलका, वळायला सोपा, आणि ६ फुटी कटर बारला ताकद लागते तरी किती! पीटीओचे ५४० फेरे इंजिनच्या साधारण १५०० फेऱ्यांवरच मिळतात. कुट्टीला मात्र तोंडात पेंढ्या कमीच द्याव्या लागतील. त्याच कामाला डिझेलच्या सव्वा ते दीडपट लिटर पेट्रोल जाईल, हेही धरा.

घेतलाच तर तीन कामं आधी करा.

पहिलं, सायलेन्सर. याचा मूळ पाइप खालून, पायरीखालून मागे जातो. कार्तिकातल्या वाळक्या गवतात हे चालणार नाही. उभा पाइप करून स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) बसवा. कार्बोरेटर थेंबभरही गळत असेल तर शेतात नेऊ नका. मॅनिफोल्डवर साचलेला भुसा प्रत्येक विश्रांतीला झाडा, आणि फायर सिलिंडर सोबत ठेवा.

दुसरं, इथेनॉल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनी रबरी नळी फुगते आणि तिचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) अडकतात. इथेनॉलला चालणारी नळी टाका. हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, कारण उभ्या ट्रॅक्टरात इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी तळाला बसतं. टाकीच्या नळाखालच्या काचेच्या वाटीत ते दिसतं. याच पेट्रोलमुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणून मेन जेट थोडा मोठा लागू शकतो. प्लग पांढराफटक दिसला तर समजायचं.

तिसरं, व्हॉल्व्ह. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. बिनशिशाच्या पेट्रोलवर एक्झॉस्ट सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली) कमी होत जाते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. हंगामाआधी फट तपासा. हेड उघडलं तर कडक सीट बसवूनच घ्या. इग्निशनच्या पॉइंटची फट १०-१२ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगची ३० थाऊच्या आसपास.

नोझल_कराड
मॅसीचा धूर. थंड इंजिनावरच तपासा. मालकाने तुम्ही येण्याआधी फिरवून ठेवला असेल तर काही कळणार नाही, म्हणून आधी हेडवर हात ठेवून बघा. पांढरा धूर पाच-सात मिनिटांत गेला तर बहुधा नोझल किंवा मॅनिफोल्डमधला हीटर. गरम झाल्यावरही राहिला, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफा जोरात येत असल्या आणि लोडवर निळा धूर आला, तर रिंग-लायनरचं काम आलंच.

पंपाजवळचं ओलं जास्त नीट बघा. वरच्या झाकणातून किंवा थ्रॉटलच्या दांड्यातून गळत असेल तर सील किट पुरे. पण याच्या रोटरी पंपाचं पुढचं सील गेलं की डिझेल बाहेर दिसतच नाही, टायमिंग कव्हरमधून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, ऑइल बोटावर चोळा, वास घ्या. पातळी खुणेच्या वर आणि ऑइल पाण्यासारखं असेल तर एक तासही चालवू नका, बेअरिंग जातील.

माळरान_वडूज
आज जाऊन आलो. अर्ध्या पेडलवर पीटीओ फिरतो. धूर सहा मिनिटांत गेला. पण डिपस्टिक खुणेच्या बोटभर वर आणि डिझेलचा वास.

नोझल_कराड
मग घ्या, पण पंपाचा खर्च किमतीतून वजा करून. पंप आणि तिन्ही नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात द्या, कॅलिब्रेशन मशीनवर लावून घ्या. काढताना पंपाच्या फ्लँजवरची टायमिंगची खूण बघा. नसेल तर छिन्नीने बारीक मारून घ्या. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि १०-१५ तासांनी पातळी पुन्हा बघा.

बसवल्यावर एअर काढायची. फीड पंपाचा हातदांडा हलवून आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा बाजूचा, मग वरचा. फेस थांबून सलग डिझेल आलं की एकेक आवळायचा. दांडा ढिला लागला तर इंजिन एक फेरा फिरवा, कॅम वर आलेला असतो. शेवटी नोझलवरच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करा, थ्रॉटल पूर्ण, स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. हात नोझलसमोर नको.

पीटीओ_विटा
आणि पैसे देण्याआधी आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा. नोंदणीचं १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालेलं नसेल तर तो दंड आणि धावपळ विकणाऱ्याकडेच राहील, असं लिहून घ्या.