स्कॉच बॉनेटला फुलं येतात नि गळतात, काय करू?

लंडनला ब्रिक्स्टनमध्ये राहते. बाजारातल्या स्कॉच बॉनेट मिरचीच्या बिया फेब्रुवारीत पेरल्या, उगवायलाच तीन आठवडे घेतले. आता जुलै. खिडकीतलं रोप गुडघ्याएवढं झालंय, पण फुलं टपाटप गळतात. आणखी एक, विकतच्या दोन मिरच्या ठेच्यात घातल्या, तर नवरा दह्याचं भांडंच घेऊन बसला!

उत्तर १: घरात ना वारा, ना मधमाश्या. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं, फक्त हलवायला हवं. दुपारी फांदीला टिचकी मारा. रात्री 15 अंशांखाली गेलं तरी गळ होते. आणि नत्राचं खत थांबवा, नुसता पाला वाढतो. टोमॅटोच्या रोपांना देतात ते खत घाला.

उत्तर २: दोन? ठेच्यात? अहो ताई, ही लवंगी नव्हे! तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर 1 ते 3.5 लाख. आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाची नातेवाईकच ती. जमैकात राजमा, नारळाचं दूध आणि थाइम नावाचा सुवासिक पाला घालून भात करतात, त्यात अख्खी मिरची नुसती वर ठेवतात. फुटू द्यायची नाही, शिजल्यावर देठाला धरून अलगद काढायची. जर्दाळूसारखा गोडसर वास भातात उतरतो. तिखटापेक्षा त्या वासासाठीच ही मिरची. चिरायची तर हातमोजे घालून.

प्रश्नकर्ती: टिचक्या सुरू केल्यात, चार फळं धरलीत. बटणाएवढी, हिरवी. भात रविवारी केला. मिरची फुटली. दही परत संपलं.