मदत हवी आहे: ‘हुतात्मा’ आणि ‘शहीद’

मंडळी, 17 सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामावर बोलायचंय. निजामाविरुद्धच्या लढ्यात मारले गेलेल्या, नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीकडच्या गोविंदराव पानसरेंपासून सुरुवात करणार आहे, पण एका शब्दावर अडलोय.

गावच्या स्मारकाच्या फरशीवर ‘हुतात्मे’ कोरलंय. अक्षरांतला काळा रंग उडालाय, पण लागतं वाचायला. म्हातारी माणसं मात्र ‘शहीद झाले’ म्हणतात. आमची आजी तर नुसतं ‘रझाकारात गेले’ (म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धामधुमीत मारले गेले) म्हणायची, की संपलं!

मला कळलेलं असं. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं, म्हणून हुतात्मा. सावरकरांनी तो रूढ केला. ‘शहीद’ अरबी, त्याचं मूळ साक्ष देण्यात. गंमत म्हणजे इंग्रजी ‘मार्टर’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही अर्थ साक्षीदारच. श्रद्धेपायी हाल सोसणारा म्हणजे साक्षीदार, हे मला होमापेक्षा जास्त पटतं. असो.

विचारायचंय ते हे: निजामाच्या राज्यात शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, मग आपल्याकडे ‘शहीद’ तिथूनच रुळला का? ‘हुतात्मा’ आपल्या खेड्यांत कधी पोचला? 1948 च्या आसपासचा पोवाडा, जात्यावरची ओवी, जुनं पत्रक, ज्यात यातला कुठलाही शब्द आहे, असं कुणाकडे असेल तर फोटो टाका. नांदेड, परभणी, धाराशिवकडच्यांनी घरच्या म्हाताऱ्यांना जरूर विचारा.