मदत हवी आहे : चौहानांचं मूळ अग्निकुंडात की अहिच्छत्रपुरात?

नमस्कार मंडळी,

दिवाळीत अबूला गेलो होतो. गोमुखाच्या पायऱ्या उतरून (गुडघे अजून बोलतात) वसिष्ठाश्रमात पोचलो, तर गाइडने तीच कथा ऐकवली: वसिष्ठांच्या यज्ञाच्या अग्निकुंडातून परमार, प्रतिहार, सोळंकी आणि चौहान ही राजपूत घराणी प्रकटली.

घरी येऊन वाचायला बसलो आणि गोंधळ झाला. पृथ्वीराजाचे वडील सोमेश्वर यांच्या काळातल्या 1170च्या बिजोलिया (राजस्थान) शिलालेखात अग्नीचं नावच नाही! तिथे मूळपुरुष अहिच्छत्रपुरातला श्रीवत्स गोत्राचा 'विप्र' आहे. 'पृथ्वीराजविजय' हे संस्कृत काव्य मात्र त्यांना सूर्यवंशी ठरवतं. म्हणजे एकाच घराण्याच्या तीन जन्मकथा. मला तरी शिलालेख जास्त भरवशाचा वाटतो. भाटांच्या कथा रंगतदार, पण बऱ्याच नंतरच्या.

अडलंय ते इथे: हे अहिच्छत्रपुर कुठलं धरायचं? काही जण नागौर म्हणतात, काही उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं. चौहानांचं सुरुवातीचं राज्य राजस्थानात सांभरला होतं, ते बघता मला नागौर पटतं, पण नुसत्या अंतरावरून ठरवणं बरोबर नाही.

बिजोलिया लेखाचा मूळ संस्कृत पाठ कुणी वाचलाय का? मराठी भाषांतर कुठे मिळेल?

आणि हो, आपले चव्हाण म्हणजेच चौहान, याला आडनावाच्या साम्यापलीकडे जुना कागद आहे का?