आखूड पायांच्या पिल्लाची जात कशी ओळखावी?

कृष्णाकाठ
नमस्कार. सांगलीत आमच्या गल्लीतील गावठी कुत्रीला पाच पिल्ले झाली. त्यांपैकी एक आम्ही घरी आणले असून ते आता सुमारे दहा आठवड्यांचे आहे. रंग तपकिरी, केस बारीक, कान लोंबते आणि पाठ लांब. पाय मात्र इतके आखूड आहेत की उंबरा ओलांडताना त्याचे पोट घासते. आईचे पाय उंच आहेत, बापाचा पत्ता नाही. उरलेल्या चार पिल्लांपैकी तिघांचे पाय आईसारखे असून एकाचे आमच्या पिल्लासारखे आखूड आहेत. शेजारी डाशहुंड म्हणतात, तर पशुवैद्यांनी लसीच्या पुस्तिकेत बीगलचा संकर असे लिहिले आहे. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे पुढे कोणती काळजी घ्यावी लागेल हे वेळीच समजावे, एवढ्यासाठी विचारत आहे.

रानवाट
रंग आणि कान यांवर विसंबू नये. दात बदलेपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाचे कान पडलेले राहून नंतर उभेही राहू शकतात. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत कॉकर स्पॅनिअल आणि बसेंजी या कुत्र्यांच्या दोन जातींचा संकर केला, तेव्हा दुसऱ्या पिढीतील पिल्ले रंगरूपाने एकमेकांपासून निराळी निघाली होती.

तुमच्याकडे खरी खूण पायांची आहे. डाशहुंड, बॅसेट, कॉर्गी यांचे पाय आखूड असतात ते एफजीएफ४ या जनुकाच्या १८व्या गुणसूत्रावरील एका जादा प्रतीमुळे, असे २००९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. ही प्रत आईबापांपैकी एकाकडूनच आली तरी पाय आखूड होतात. आई उंच असल्याने तुमच्या पिल्लाला ती बापाकडूनच मिळाली असणार. शुद्ध डाशहुंडाला मात्र ही जादा प्रत सहसा आई आणि बाप अशा दोघांकडूनही मिळालेली असते, म्हणून तो बाप असता तर पाचही पिल्ले आखूड पायांची झाली असती. तीन पिल्ले उंच आहेत, याचा अर्थ बाप स्वतःच संकरित असावा, किंवा या वेताचे बाप दोन असावेत. कुत्री एकाच माजात दोन कुत्र्यांपासून गाभण राहू शकते. बीगलचा अंदाज मला पटत नाही, कारण बीगलचे पाय एवढे आखूड नसतात.

पायवाट
वरील विवेचन योग्य आहे, परंतु प्रश्न काळजीचा होता. आमच्या घरी असाच बुटका, लांब पाठीचा संकरित कुत्रा होता. पाचव्या वर्षी सोफ्यावरून उडी मारल्यानंतर त्याच्या मणक्यातील चकती सरकली आणि तो मागचे पाय ओढत चालू लागला. आम्ही दोन दिवस थांबलो, याचे मला आजही वाईट वाटते. मागच्या पायांत अशक्तपणा किंवा पाठीत कळ दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. जिन्यावरून उचलून न्यावे, आणि उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या भागाखाली धरावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजन वाढू देऊ नये. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा.

दख्खनवासी
चकतीच्या या विकाराशी एफजीएफ४ची दुसरी, १२व्या गुणसूत्रावरील प्रत निगडित असल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. डीएनए चाचणी करणार असाल, तर जातींच्या टक्केवारीपेक्षा या प्रतीचा निष्कर्ष अहवालात मिळेल का, हे आधी विचारावे. टक्केवारीबाबत सावध राहावे. आपली गावठी कुत्री म्हणजे निरनिराळ्या जातींची सरमिसळ नव्हे. ती आजच्या बहुतेक विलायती जातींहून जुनी आहेत. चाचणीच्या संग्रहात भारतीय गावठी कुत्र्यांचे नमुने पुरेसे नसतील, तर तो अंश कुठल्यातरी असंबद्ध जातींच्या नावावर पडतो. आमच्या कुत्रीच्या अहवालात असेच झाले होते.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आजपासून पिल्लाला जिन्यावरून उचलूनच नेत आहोत, आणि पलंगाजवळ त्याच्यासाठी लाकडी उतार करायला सांगितला आहे. १२व्या गुणसूत्राबद्दल पशुवैद्यांशी बोलेन. दुसरे आखूड पायांचे पिल्लू ज्यांनी नेले, त्यांचे घर तर तिसऱ्या मजल्यावर आहे. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन हे सगळे सांगून येतो.