‘नाशवंत’ आणि ‘क्षणभंगुर’ : फरक कुठे आहे?

दोन्ही शब्दांचा अर्थ ‘न टिकणारे’ असाच, मग कुठलाही वापरला तर काय बिघडले, असे विचारले जाते. माझ्या मते बरेच बिघडते.

‘भंगुर’ हा ‘भञ्ज्’ म्हणजे मोडणे या धातूपासून आला. पाणिनीच्या ‘भञ्जभासमिदो घुरच्’ या सूत्रात तो साधला आहे. भासुर आणि मेदुर हे त्याचे सख्खे भाऊ. सूत्रातला ‘घुरच्’ हा प्रत्यय स्वभाव दाखवतो. मोडणे हाच ज्याचा स्वभाव, ते भंगुर. आधी ‘क्षण’ लागला की मुदतही ठरली. पाण्यावरचा बुडबुडा क्षणभंगुर.

‘नाशवंत’ मुदतीबद्दल काहीच बोलत नाही. शंभरी गाठलेला देहही नाशवंतच. संतवाङ्मयात ‘नाशिवंत’ येतो तो याच अर्थाने. आणि पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ‘नाशवंत माल’ म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर येते ती कोथिंबीर, मेथी, टोमॅटो. देह आणि मेथी एकाच शब्दात कशी मावली? मला वाटते, याचे उत्तर ‘नासणे’ या क्रियापदात आहे. संस्कृतातल्या ‘नश्’पासून मराठीला ‘नष्ट होणे’ मिळाले आणि ‘नासणे’ही. दूध नासते तेव्हा ते नाहीसे होत नाही. पातेल्यात असतेच, फक्त कामाचे राहत नाही. कीर्तनकाराच्या ‘नाशवंत’मागे नष्ट होणे आहे, आडत्याच्या ‘नाशवंत’मागे नासणे. म्हणूनच ‘कांद्यापेक्षा पालेभाजी जास्त नाशवंत’ असे सहज म्हणता येते, पण एकाचा देह दुसऱ्याच्या देहापेक्षा जास्त नाशवंत असे कुणी म्हणत नाही. ‘नश्वर’ला हा बाजारी अर्थ चिकटलेलाच नाही. ‘नश्वर मेथी’ म्हणून पाहा, लगेच खटकते.

‘तकलादू’त बनवणाऱ्याला दोष आहे, तो इथे आणू नये. ‘अल्पजीवी’ हे सरकारला, मासिकाला शोभते.

‘तात्पुरते’ मात्र अगदी वेगळे. तिथे टिकणे-न टिकणे गौण, हेतू महत्त्वाचा. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुण्यात पूरग्रस्तांसाठी तात्पुरते निवारे उभे राहिले. असा निवारा पुढे कितीही वर्षे टिकला, तरी बांधताना तो तात्पुरताच होता.

गजऱ्याचे विचाराल, तर फूलबाजारात तो नाशवंत. कवितेत क्षणभंगुर लिहायला माझी हरकत नाही. शीतगृहाच्या पाटीवर मात्र ‘नाशवंत’च हवे.